मुरलेलं मनगट

माझं नाक लांब आहे, हे मला आरशाच्या आधी लोकांनी सांगितलं. लग्न ठरलं तेव्हा सासरकडच्या एका बाईने तोंडावर म्हटलं होतं, "मुलगी बरी आहे, पण नाक जरा पुढे चालतं." चालू दे की! पुढे त्याच नाकावर अख्खं घर चाललं. ती बाई आज असती तर समोर बसवून विचारलं असतं, की बाई गं, तुझ्या त्या नकट्या नाकाने जन्मभर काय कमावलंस?

आमचा धंदा अगराच्या तेलाचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अगराचं झाड धडधाकट असतं तोवर त्याचं लाकूड पांढरंफटक आणि बिनवासाचं, चुलीत घालायच्या लायकीचं. त्याला जखम झाली, किडा लागला, बुरशी धरली, की झाड स्वतःला वाचवायला आतल्या आत काळा चीक सोडतं. वर्षानुवर्षं तो चीक लाकडात मुरतो. मग त्या लाकडाच्या ढलप्या करायच्या, पाण्यात भिजत घालायच्या, कुजकट वास सुटला की तांब्याच्या हंड्यात भरून वाफेवर तेल काढायचं. पोतंभर लाकूड घालावं तेव्हा हातात येतं ते चमचाभर. वस्तू इतकी मोलाची असली की तिच्यात काहीबाही मिसळणारे हात आलेच. म्हणून आम्ही. भट्टी दुसऱ्याची, गिऱ्हाईक तिसरंच, आणि मधे तेल खरं की खोटं ते सांगणारं आमचं घर. आमचा लाखेचा शिक्का कुपीच्या बुचावर असला की कुणी ती उघडूनसुद्धा बघत नाही. हे मी फुशारकीने सांगते आहे, आणि का सांगू नये?

तेल तपासायचे उपाय लोक ढिगाने सांगतात. टिपकागदावर थेंब टाका, तापल्या पत्र्यावर टाका, थंडीत गोठवून बघा. उपाय वाईट नाहीत, पण भेसळ करणाराही तेच शिकून बसलेला असतो. मनगट मात्र त्याच्या ताब्यात नसतं. काचेच्या काडीने मनगटावर एक रेघ ओढायची आणि आपल्या कामाला लागायचं. खरं तेल आधी गोठ्यासारखं येतं, नवख्याने तोंड फिरवावं असं. मग ते हळूहळू लाकडाकडे वळतं. दिवस कलताना त्यात गोडवा उतरतो. आणि दुसऱ्या सकाळी आंघोळीआधी हुंगावं, तर मधासारखा, किंचित कडवट, उबदार असा वास शिल्लक असतो. खोटं तेल सकाळी भारी बडबड करतं आणि संध्याकाळी त्याच्याजवळ बोलायला काही उरत नाही. माणसांचंही तसंच असतं म्हणा.

हे सगळं चालतं ते घराच्या मागच्या खोलीत. तिला आम्ही वासाची खोली म्हणतो, गंमत म्हणजे घरात वास नसलेली तेवढी एकच खोली आहे. चुन्याच्या भिंती, एक टेबल, एक खिडकी. पडदा नाही, गादी नाही, फुलदाणी तर नाहीच नाही. तिथली रीत सासऱ्यांनी घालून दिली. वास घेतल्यावर कुणी बोलायचं नाही. नाक आणि कान शेजारी राहतात, एकाचं दुसऱ्याला ऐकू जातं, असं ते म्हणायचे. प्रत्येकाची एक काचेची वाटी. तेल पटलं तर वाटी सुलटी ठेवायची, नाही पटलं तर पालथी. एक जरी पालथी पडली तरी शिक्का थांबला. मग सगळ्यांनी मनगट राखेने चोळून धुवायचं, पुन्हा तेल लावायचं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा वाट्या मांडायच्या. तरीही जमलं नाही, तर घरातल्या थोरल्या नाकाचा शब्द शेवटचा. आमचे हे गेल्यापासून थोरलं नाक म्हणजे मी.

माझ्या चिरंजिवांना वाटी नाही. गुणी मुलगा, कष्टाळू, पण नाक जन्मापासून चोंदलेलं. अगर आणि रॉकेल यांतला फरक त्याला बाटलीवरची चिठ्ठी वाचून कळतो. त्याने बाकी काही नाही तरी एक काम फक्कड केलं, बायको चांगली आणली.

सून माझी लाँड्रीवाल्यांच्या घरातली. लहानपणापासून परक्यांचे शर्ट हुंगत वाढलेली. डाग कशाचा, किती जुना, निघेल की नाही, हे तिला कापड नाकाशी नेलं की कळतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी बाहेरून आले, तिने माझी शाल घडी करायला घेतली आणि म्हणाली, "आई, तुम्ही भट्टीवर जाऊन आलात, आणि येताना बेकरीसमोर कुणाशी तरी बराच वेळ बोलत उभ्या होतात." बोलत होते खरी! मी वरवर म्हटलं, "माझ्यावर पाळत ठेवतेस की काय?" पण मनात म्हटलं, पोरगी कामाची आहे.

मग मी तिला शिकवायला घेतलं. साबण बंद, कांदा बंद, केसांना वासाचं तेल बंद. चुकली की असं बोलायचे की दुसरी असती तर माहेरी निघून गेली असती. ही कधी उलट बोलली नाही, पण जे पटलं नाही त्याला हो पण म्हणाली नाही. शेवटी गेल्या वर्षी मी स्वतःच्या हाताने तिची वाटी टेबलावर ठेवली. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक तेलाला आमच्या दोघींच्या वाट्या सुलट्या पडत गेल्या आणि मी सगळ्यांना सांगत सुटले, की सून तयार झाली. तयार झाली म्हणजे माझ्यासारखंच ओळखायला लागली, असा माझा हिशेब.

आणि मग भट्टीवाले भाऊजी त्यांची खेप घेऊन आले.

भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे जिवलग दोस्त. त्यांच्या भट्टीचं तेल आमच्या घरात आलं आणि परत गेलं, असं कधी झालं नव्हतं. या वेळची खेप मोठी होती. गिऱ्हाईक ठरलेलं होतं. त्यांना आम्ही रुमालवाले म्हणतो, कारण एक वास घेऊन झाला की दुसरा घेईपर्यंत ते घडीचा रुमाल नाकावर धरून बसतात. दूरदेशी तेल पाठवणारा माणूस, पण माझ्या शिक्क्याशिवाय कुपीला हात लावत नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते.

खेप आली त्याच सकाळी मी आणि सुनेने तेल लावलं. दिवस कलला तसं माझ्या मनगटावर असं काही फुललं म्हणता, मी दोनदा डोळे मिटले. वासाच्या खोलीत गेलो. भाऊजी खुर्चीवर बसलेले, चिरंजीव दारात. मी वाटी ठेवली, सुलटी. सुनेने ठेवली, पालथी.

मला वाटलं, हिचा हात चुकला.

"हे काय?" मी विचारलं.

"नाही पटलं, आई."

"काय नाही पटलं?"

"चहाच्या वेळेपर्यंत बरं होतं. मग बसलंच. वखारीत फळ्या रचून ठेवतात ना, तसा नुसता कोरडा वास. गोडवा उतरलाच नाही."

"हाताला साबण असेल."

"साबण तुम्हीच सोडायला लावलात की, वर्ष होऊन गेलं."

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. भाऊजींचा चेहरा पडला होता. त्यांनी बाही वर करून हात पुढे केला. "वहिनी, मी पण लावलंय. तुम्हीच बघा." मी हुंगलं. त्यांच्या हातावर ते तेल माझ्याहून सरस वाटत होतं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मी सुनेला म्हटलं. "माझा हात बघ, भाऊजींचा बघ. आम्ही दोघं म्हातारे खोटे, आणि इस्त्रीवाल्यांची लेक तेवढी खरी?"

"आमची इस्त्री मधे कशाला, आई? तेलाबद्दल बोला ना."

"तेलाबद्दलच बोलते. नाकापेक्षा मोती जड झालाय तुला! भाऊजींच्या भट्टीला नाव ठेवतेस?"

"भट्टीला नाही ठेवत. तेलाला ठेवते." वाटी काही तिने उलटवली नाही.

राग माझ्या नाकावरच असतो, त्याला फार लांब जावं लागत नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ठीक आहे. रीतीप्रमाणे उद्या सकाळी पुन्हा. पण आता पैज. तू चुकलीस तर तुझी वाटी आत ठेवायची, पुन्हा या टेबलाशी यायचं नाही. मी चुकले तर माझी वाटी आत जाईल."

"आई, असं कशाला?" चिरंजीव मधे पडले.

"तू कुप्या धू," मी म्हटलं.

आम्ही राखेने मनगटं चोळली, कोमट पाण्याने धुतली. सून काडी तेलात बुडवून माझ्याकडे वळली, दरवेळी ती मला द्यायची तशी. मी ती तिच्या हातातून हिसकावली, तिच्याकडे न बघता रेघ ओढली, काडी टेबलावर आपटली आणि खोलीतून निघून गेले.

आता माझी सवय सांगते. जाग आली की डोळे उघडायच्या आधी माझं डावं मनगट नाकाशी जातं. इतक्या वर्षांची सवय, हात आपणहून येतो. त्या सकाळीही आला, आणि काय सांगू तुम्हाला! मध म्हणा, जुनं लाकूड म्हणा, मागे तो कडवटपणा, सगळं जिथल्या तिथे. मी पडल्या पडल्या हसले. सुनेला काय काय ऐकवायचं ते ठरवलं. नव्याचे नऊ दिवस असं सुरुवातीला म्हणणार होते, मग भाऊजींची माफी मागायला लावणार होते, आणि शेवटी तिची वाटी मी स्वतः कपाटात ठेवणार होते. मग चार महिन्यांनी मोठ्या मनाने परत देणार होते, तेही ठरवून झालं.

तोंड धुवायला उठले. बाह्या सरसावल्या. उजव्या बाहीच्या कडेला आतून तेलाचा तपकिरी डाग होता.

मी त्या डागाकडे बघत राहिले. उजव्या बाहीला डाग कसा? काडी माझ्या उजव्या हातात असते, रेघ डाव्या मनगटावर. आजवर असंच. मग आठवलं, काल काडी मी हिसकावली होती, आणि हिसकावली ती डाव्या हाताने, कारण सून त्या बाजूला उभी होती. रेघ ओढली होती उजव्यावर. डाव्या मनगटावर राखेखेरीज काही लागलेलंच नव्हतं.

काही नव्हतं, तरी मी त्याला अहाहा म्हटलं होतं.

मी चुलीतली राख घेतली, कढत पाणी घेतलं आणि डावं मनगट लाल होईतो चोळलं. पुसलं, वाऱ्यावर धरलं, पुन्हा हुंगलं. तोच मध, तोच कडवटपणा. मग उजवं मनगट नाकाशी नेलं. त्या मनगटावर कालपर्यंत मी जन्मात कधी तेल लावलेलं नव्हतं. तिथे कोरड्या फळ्यांचा वास होता. वखार. सून म्हणाली होती तेच, शब्दाला शब्द.

वर्षानुवर्षं एकाच जागी खरं तेल लावून लावून डावं मनगटच अगर झालं होतं. त्याच्यावर काहीही लावा, शेवट ते आपल्या पदरचा जोडणार. भाऊजींच्या हाताचं तेच, ते तर दिवसभर भट्टीच्या वाफेत असतात. आम्ही दोघं एकमेकांचे हात हुंगून वा वा करत होतो.

खोटं का सांगू? पहिला विचार आला, तो गप्प बसण्याचा. कुणी पाहिलं नव्हतं. शेवटचा शब्द माझा होता. मी वाटी सुलटी ठेवली असती तर सून गप्प बसली असती, भाऊजी खूष, गिऱ्हाईक खूष, माझी वाटी टेबलावर. एका पालथ्या वाटीने हे सगळं जाणार होतं, आणि माझ्याजवळ त्या वाटीशिवाय होतं काय? नवरा गेला, डोळे अधू झाले, गुडघे बोलायला लागले. लोक मला ओळखतात ते त्या वाटीमुळे. वासाच्या खोलीबाहेर मी कोण, तर एक लांब नाकाची तिरसट म्हातारी.

पण मग मला असा राग आला, माझाच! अगं, आपण खोट्याला खोटं म्हणणारी माणसं. ते म्हणता आलं नाही तर हे नाक मिरवायचं कशाला? आणि दुसरी एक गोष्ट हळूच ध्यानात आली. उजव्या हातावरचा खोटेपणा कुणी पकडला होता? याच नाकाने. पहिल्या श्वासात.

मी वेणी घातली, स्वच्छ कपडे घातले आणि खोलीत गेले.

रुमालवाले येऊन बसले होते. भाऊजी कालच्याच खुर्चीवर, रात्रभर झोप नसावी असा चेहरा. सून खिडकीशी. डोळे सुजलेले, पण तिची वाटी टेबलावर आधीच मांडलेली होती. पालथी. माझ्याशी पैज लागलेली असताना, परक्या माणसासमोर, पालथी! माझी छाती अशी फुगली म्हणता. ही हिंमत हिला कुणी शिकवली? मीच की.

मी माझी वाटी उचलली आणि तिच्या वाटीशेजारी पालथी ठेवली.

भाऊजी उठले. "वहिनी, मी भेसळ केली म्हणता? मी?" त्यांनी माझ्या वाटीकडे बोट दाखवलं. "माझ्या दोस्ताने भावासारखं मानलं होतं मला."

"तुम्ही भेसळ केली नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही फसलात. आणि मीही फसले." मग मी सगळं सांगितलं. काडी कशी हिसकावली, सकाळी कुठल्या हाताला वा म्हटलं, राखेने किती चोळलं. बोलताना जीभ अडखळली नाही. सुनेने तोंडावर हात ठेवला होता. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

"आता तुमचा दुसरा हात हुंगा, भाऊजी," मी म्हटलं. "जिथे तेल लावलेलं नाही तो."

त्यांनी हुंगला. "इथेही तोच वास," ते म्हणाले. मग खाली बसले.

"पण मग तेलात आलं काय? हंडा माझा, आग माझी, पाणी माझं. बाहेरचं काही पडलंच नाही त्यात."

"लाकूड?" सुनेने विचारलं.

खेपेबरोबर त्याच लाकडाच्या मूठभर ढलप्या आणायची भट्टीवाल्यांची पद्धत असते. भाऊजींनी पिशवी टेबलावर ओतली. काळ्याभोर, जड ढलप्या. सुनेने एक उचलली, बोटाने चोळली, नाकाशी नेली, आणि चिरंजिवांकडे चाकू मागितला. ढलपी तिने मधोमध चिरली. आत पांढरं. दुसरी चिरली, तिच्यात काळ्या शिरा आरपार होत्या. तिसरी पुन्हा पांढरी.

"हा डाग बाहेरून लावलाय," ती म्हणाली. "आतून आलेला नाही. कापडावर पण असंच असतं. आतून आलेला डाग दोन्ही बाजूंना दिसतो."

भाऊजींनी कपाळावर हात मारला. दरवर्षी ते स्वतः वखारीत जाऊन ओंडके फोडून घ्यायचे. या खेपेला गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून व्यापाऱ्याने घरपोच पाठवलेल्या तयार ढलप्या घेतल्या. पाण्यात टाकून पाहिल्या, बुडाल्या. खरा अगर बुडतो, हलका तरंगतो, हे सगळ्यांना ठाऊक. व्यापाऱ्यालाही ठाऊक होतं. त्याने निम्म्या ढलप्या पांढऱ्या लाकडाच्या घालून दुसऱ्याच कुठल्या झाडाच्या चिकात भिजवल्या होत्या. वजन आलं, रंग आला, बुडाल्याही. तो चीक वाफेबरोबर तेलात उतरला होता.

"त्या व्यापाऱ्याला मी सोडत नाही," भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "खेप मी परत नेतो, वहिनी."

"न्या. आणि पुढची इथेच आणा, दुसरीकडे गेलात तर माझ्याशी गाठ आहे." ते जरासे हसले, तेव्हा मला श्वास आला.

आता रुमालवाल्यांनी रुमाल खाली घेतला. "ताई, खेप गेली त्याचं काही नाही. पण तुमच्या शिक्क्यावर मी डोळे मिटून माल पाठवत आलो. आधीच्या खेपांचं काय?"

रोख सवाल होता. मला तो आवडला. "प्रत्येक खेपेचा नमुना आमच्या कपाटात आहे," मी म्हटलं. "एकेक करून सगळे हिच्या हातावर बघू. एक जरी खोटा निघाला, तर दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मी स्वतः तुमच्या दारात येईन."

"आणि यापुढे शिक्का कुणाचा समजायचा?"

मी माझी वाटी उचलली, पुसली आणि सुनेसमोर ठेवली. "हिचा. पैज म्हणजे पैज."

हे म्हणणं सोपं नव्हतं, लपवत नाही. पण मान ताठ होती. माझी शिष्या मला चुकीची ठरवून उभी होती, आणि तिला तशी उभी करायला मी वर्षभर घसा कोरडा केला होता. यापेक्षा जास्त काय हवं असतं शिकवणाऱ्याला?

सुनेने वाटी हातात घेतली. वळवून पाहिली. "वाटी आत ठेवाल, आई," ती म्हणाली, "पण नाक कुठे ठेवाल?"

"आगाऊ आहेस."

"उजव्या हातावर तुम्हीच ओळखलंत ना? मग नाक कुठे चुकलं? मनगट चुकलं." तिने बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात टेबलावर माझ्यापुढे ठेवला. "माझं घ्या. पण साबणावरून बोलणी खाणार नाही मी आता."

चिरंजीव मोठ्याने हसले. भाऊजी हसले. मी तिचा हात धरला आणि सोडवेना मला, म्हणून उगाच तिची नखं वाढली आहेत असं काहीतरी म्हटलं.

रुमालवाले पुढे सरकले. "ताई, ते मनगट तरी बघू, ज्याने तुम्हाला फसवलं."

मी डावा हात पुढे केला. त्यांनी रुमालाची घडी बाजूला ठेवली, खाली वाकले आणि हुंगलं. मग तसेच राहिले. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे वेगळेच दिसत होते.

"हे द्या मला," ते म्हणाले. "कुठल्या वर्षाचं, कुठल्या लाकडाचं, काही विचारत नाही. तुम्ही सांगाल ती किंमत."

"तिथे तेल नाही, साहेब. राखेने चोळून धुतलंय."

"मग हे काय आहे?"

"तुमच्याकडे आलेली प्रत्येक कुपी," मी म्हटलं. "आधी इथे येऊन गेली. विकायला नाही."

त्यांनी मान हलवली. मग अगदी हळू आवाजात, पुन्हा एकदा हुंगू का, असं विचारलं. मी हात पुढे केला.